उद्यापन राहिलेली प्रदक्षिणा

मला कुणी 'भक्तीण' म्हटलं की आजही अंगावर काटा येतो.

मेहकरात अजून दोन-चार म्हाताऱ्या आहेत, ज्या मला रस्त्यात पाहून हात जोडतात. "काय प्रदक्षिणा घातल्या वं माय या बाईनं!" असं सुनांना सांगतात. मी हसते आणि लसणाचा भाव विचारते. त्यांना कुठं सांगत बसू, की बायांनो, ती भक्ती नव्हती, तो आजार होता, आणि त्यातून मी मरता मरता वाचले?

त्या काळी या दुखण्याला आमच्याकडे नाव नव्हतं. आता आहे. व्यायामाचं व्यसन म्हणतात, आणि त्याच्याच जोडीला जेवणाची भीती आणि स्वतःच्या अंगाचा तिरस्कार. हल्ली पहाटे फिरायला जाते तर काही पोरी पळताना दिसतात. ताप असला तरी पळतात, पायाला पट्टी बांधून पळतात. लोक म्हणतात, काय शिस्त आहे! मला त्यांच्या तोंडावर माझंच तोंड दिसतं. त्यांच्यातली एखादी जरी हे वाचून खाली बसली आणि चार घास जेवली तरी माझं लिहिणं पावलं.

फोटो

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा माझं लग्न झालं. माहेर रोहिणखेड, सासर मेहकर. नवरा शाळेत मास्तर, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे आणि मीही मास्तरच म्हणते. घरात ते, मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे नव्हते.

मी अंगानं भरलेली होते. माहेरी त्याचं कौतुकच होतं, खात्यापित्या घरची पोरगी म्हणून. घरात आरसा होता तो तळहाताएवढा, कुंकवापुरता. आपण आख्ख्या कशा दिसतो हे मला लग्नापर्यंत माहीतच नव्हतं, आणि खरं सांगते, त्यानं माझं काही अडलंही नव्हतं.

लग्नानंतर बुलढाण्याला जाऊन आम्ही फोटो काढला. मास्तर काडीसारखे उभे, मी खुर्चीत. फोटो घरी आला त्या दिवशी मास्तरांचे एक मित्र चहाला आले होते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि म्हणाले, "वा मास्तर! एकावर शून्य. पुरे दहा झाले की बाप्पा!"

सगळे हसले. आत्याबाई हसल्या, मास्तर हसले, दारामागून मीही हसले. मग कपबशा उचलून आत गेले. त्या दिवसापासून दुपारची भाकर मी अर्धी केली. कुणाला कळलं नाही, कारण सून जेवते ती सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी, एकटी.

व्रत

दीड-दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. आत्याबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. चातुर्मास लागला तशा त्या म्हणाल्या, "सिंधू, लाखाची प्रदक्षिणा बोल. देव पावते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार महिने एकवेळ जेवायचं आणि देवळाला लाख प्रदक्षिणा घालायच्या. चिंचोके मोजून पिशवीत टाकायचे. पुरं झालं की उद्यापन करायचं. सवाष्णींना पुरणपोळीचं जेवण घालायचं आणि त्यांच्याच पंगतीत बसून व्रत करणारीनं पोटभर जेवायचं. तिनं जेवल्याशिवाय व्रत फळत नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझा जीव पुढं तिथंच अडकला.

तुम्ही विचार करा, त्या काळी मेहकरात मास्तराची बायको उगीच रस्त्यानं भराभरा चालत निघाली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं? पण देवाभोवती मी दिवसभर चालले तरी कुणाची बोट दाखवायची हिंमत नव्हती. मला तर रानच मोकळं मिळालं.

पहिले काही आठवडे फार बरं वाटलं. अंग हलकं, डोकं हलकं. जेवायचं टाळता येतं आणि वर शाबासकी मिळते, अजून काय पाहिजे? हातातल्या काचेच्या बांगड्या मी रोज दंडाकडे सरकवून पाहायची. आधी त्या मनगटापाशीच अडायच्या. मग कोपरापर्यंत जायला लागल्या. कासारीण म्हणाली, "मास्तरीनबाई, आता तुमाले पोरींचा नंबर लागते," तर मी दिवसभर मनात गात होते.

नंतर नंतर ते माझ्या हातात राहिलं नाही. एखाद्या दिवशी पाहुणे आले आणि देवळात जायला उशीर झाला, की छातीत धडधडायचं, पोळी लाटताना रडू यायचं. तापानं फणफणलेली असताना गेले. टाचा भेगाळून रक्त यायचं, तर त्यात मेण भरून गेले. चालताना देवाचं नाव तोंडात असायचं, पण डोक्यात देव नसायचा. डोक्यात असायचं, काल काय खाल्लं आणि आज ते कसं फेडायचं. थांबले तर फुगेन, शून्य होईन, लोक हसतील, एवढंच.

कार्तिक आला. लाख पुरे झाले. आत्याबाईंनी हरभऱ्याची डाळ काढली, गूळ आणला. आता पंगतीत बसून जेवावं लागणार होतं. सगळ्यांसमोर पुरणाची पोळी, वर तूप, आणि 'अजून एक घे' म्हणणाऱ्या बाया!

मी म्हटलं, "आत्याबाई, मी देवाले अजून एक लाख बोलली."

आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी डाळ परत डब्यात ओतली. गल्लीत बातमी पसरली आणि बाया माझ्या पाया पडायला लागल्या. ज्या भेगाळलेल्या पायांना औषध पाहिजे होतं, त्यांच्यावर लोक डोकं टेकवत होते. आणि मला आतल्या आत आनंद होत होता, की आता कुणी मला थांबवणार नाही.

गोड बातमी

मग पाळी थांबली.

आत्याबाईंचा आनंद मी काय सांगू! देव पावला. दुसऱ्या लाखाची वाटही न पाहता पावला. गल्लीत साखर वाटली. रोहिणखेडला निरोप गेला. मास्तर पहिल्यांदा माझ्यासाठी गजरा घेऊन आले. मलाही खरंच वाटलं, की दिवस गेले. घरातल्या सगळ्यांना वाटलं. उपाशी बाईची पाळी बंद पडते, हे आम्हाला कुणी शिकवलं होतं?

आणि खरं सांगू? आनंदाआधी मला भीती वाटली, की आता पोट वाढणार. अशी भीती वाटणारी बाई आई म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही, असं मला वाटायचं. हे मी त्यानंतर कित्येक वर्षं कुणाजवळ बोलले नाही.

आत्याबाईंनी देवळात जायला बंदी केली. "आता बस्स. आता खाऊनपिऊन बसून राहाय. पोर झाल्यावर उद्यापन करू." बसून राहायचं! माझ्या जिवाची नुसती तगमग. मग मी मिरच्या वाळत घालायच्या निमित्तानं धाब्यावर जायला लागले. धाबं म्हणजे आमच्या घराचं मातीचं छत. त्यावर मी गोल गोल चालायची, चप्पल काढून, आवाज होऊ नये म्हणून.

पण मातीचं छत चुगली करतं. खाली आत्याबाई वरण ढवळत होत्या आणि वरणात माती पडायला लागली. त्या ओरडत बाहेर आल्या, "धाब्यावर कोन चालून राह्यलं वं?" वर पाहतात तर मी. भर उन्हात, अंगावर शाल गुंडाळून. मला तेव्हा चैत्रातही थंडी वाजायची.

"सिंधू! पोटात लेकरू हाये, आन तू घुमून काऊन राह्यली?"

"मले बसनं होत नाई, आत्याबाई."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. शाल खांद्यावरून घसरली होती, आणि बहुतेक पहिल्यांदा त्यांनी माझ्या खांद्याची हाडं पाहिली. चार महिने झाले तरी पोट दिसत कसं नाही, हा प्रश्नही त्यांना त्याच वेळी पडला असणार. मी खाली उतरायला पहिल्या पायरीवर पाय ठेवला, डोळ्यांपुढं काळं झालं, आणि नंतरचं मला आठवत नाही.

बुलढाणा

दुसऱ्या दिवशी एसटीनं बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बसमध्ये जागा होती. मी बसेना. दांडीला धरून उभी. मास्तर हात जोडून म्हणाले, "बस ना वं. लोक पाहून राह्यले." मी हट्टानं उभीच राहिले, आणि एका वळणावर गुडघे दुमडून त्यांच्या अंगावर पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. मोठ्या शांत. त्यांनी पोट तपासलं, नाडी धरली आणि धरूनच ठेवली, बराच वेळ. उपाशी अंगावर उगवते ती हातावरची बारीक लव पाहिली. केसांतून हात फिरवला तर केस हातात आले. मग विचारलं, "काल काय जेवलात?" मी म्हटलं, "व्रत हाये." "परवा?" परत तेच.

त्या आत्याबाईंकडे वळल्या. "पोटात मूल नाही, आजी."

"असं कसं? देवानं देल्लं हाये."

"मूल नाही. आणि अन्नही नाही. हिचं हृदय दमलंय. ही अशीच चालत राहिली तर चालता चालता पडेल आणि परत उठणार नाही."

आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. म्हणाल्या, "साऱ्या गल्लीनं साखर खाल्ली वो बाई." मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते. मी मात्र एकच विचार करत होते, की ही बाई आता मला खाटेवर झोपवणार.

खाट

तसंच झालं. खाटेवरून उतरायचं नाही, असा हुकूम. मास्तरांनी रजा काढली, आणि ते आणि आत्याबाई दवाखान्याजवळच खोली घेऊन राहिले. सकाळी ताप पाहायचा, मग दूध-पाव, मग डॉक्टरीणबाईंची फेरी, दुपारी पातळ भात, संध्याकाळी भेटायला माणसं. सिस्टर पाठमोरी झाली की मी उतरून खाटेभोवती फिरायची. त्याही प्रदक्षिणाच. पाव गादीखाली जायचा.

शेजारच्या खाटेवर सखूबाई होती. सुलतानपूरकडची मजूर बाई, विहिरीच्या कामावर पडून पाय मोडलेला, मांडीपर्यंत प्लास्टर. तोंड मात्र धडधाकट. एक दिवस मला फिरताना पाहून म्हणाली, "बाई, तुह्ये पाय मले दे आन तू हे लाकूड घे. दोघींचंही काम भागते."

मला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. पण तिनं गादीखालचा पाव पाहिला तेव्हा ती हसली नाही. "मी लहानपनी उपाशी राह्यली तं घरात नव्हतं म्हून. तू काहाले मरून राह्यली?" असं म्हणून तिनं तोंड फिरवलं, ते संध्याकाळपर्यंत.

अशा आजारी माणसाच्या घरच्यांना इथं एक सांगते. सखूचं बोलणं खरं होतं, पण त्या शरमेनं मी एक घासही जास्त खाल्ला नाही. उलट त्या दिवशी दुप्पट फिरले. असल्या माणसाला लाजवून काही होत नाही. त्याला सगळं आधीच माहीत असतं.

संध्याकाळी मास्तर आले तेव्हा मी त्यांना फोटोचं सांगितलं. एवढी वर्षं आत कोंडलेलं एका दमात सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोनता फोटो?" त्यांना तो मित्र आठवत होता, ते बोलणं आठवत नव्हतं. मी एका वाक्यावर जीव द्यायला निघाले होते आणि ते वाक्य त्यांच्या लक्षातही नव्हतं! मला इतका राग आला, की मी त्यांना जा म्हटलं. ते गेले नाहीत. पायथ्याशी बसून म्हणाले, "मी हासलो असन. मले आठोत नाई, पन हासलो असन. माह्यं चुकलं." मग खूप वेळ माझा हात धरून बसले.

उद्यापन

औषधापेक्षा जेवण महत्त्वाचं, असं डॉक्टरीणबाई रोज सांगायच्या. त्यांच्या राउंडला मी एक दिवस ठणकावून सांगितलं, "माह्यं व्रत सुरू हाये. उद्यापन होईपर्यंत मले पोटभर जेवता येत नाई." खोटं नव्हतं ते. पण मी त्याच्या आड लपले होते, आणि तिथून मला कुणी ओढून काढू शकणार नाही याची मला खात्री होती. डॉक्टरीणबाई देवाशी कशा भांडणार?

आत्याबाई खाली सतरंजीवर बसून हे ऐकत होत्या. व्रत अर्धं सोडलं तर घरावर कोप होतो, असं आयुष्यभर मानणारी ती बाई. त्या उठून डॉक्टरीणबाईंच्या मागं गेल्या. काय बोलल्या माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या नऊवारी नेसून, हातात कुंकवाचा करंडा आणि झाकलेलं पातेलं. म्हणाल्या, "आज उद्यापन."

"इथं? आन पुरन?"

"पेज हाये. तांदळाची. डाक्तरीनबाईनं तेवढीच सांगतली, एकदम जड देल्लं तं तुह्या जिवाले धोका हाये म्हने. देवाले पेज चालते. नाई चालली तं मी पाहून घेतो देवाले."

सवाष्ण पाहिजे होती. वॉर्डात त्या दिवशी जवळ होती ती सखूबाई. आत्याबाई तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या. सखूबाई कोणत्या समाजाची हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्या घरांतलं पाणीही त्या कधी प्यायल्या नव्हत्या. करंडा उघडून त्या तिच्या खाटेपाशी गेल्या.

सखूबाईनं हात आडवा केला. "मी देवाच्या नावानं कुकू लावून घेत नाई, आजीबाई. आमी बौद्ध झालो. देवधरम सोडले आमी."

आत्याबाईंनी करंडा मिटला. "जेवशीन तं?"

"ही जेवन तं जेवतो."

दोन वाट्या भरल्या. एक सखूबाईच्या हातात, एक माझ्या. तिसरी रिकामी पालथी ठेवली, कारण जेवू घालणारी सगळ्यांच्या मागून जेवते. आत्याबाई सकाळपासून उपाशी होत्या. सखूबाई वाटी धरून बसली, चमचा उचलेना. पंगतीत एकीनं सुरुवात केल्याशिवाय दुसरी कशी खाणार? दोघी माझ्याकडे पाहत होत्या. पेजेवर साय धरली. पातळ, पांढरी पेज, मीठ घातलेली. तुम्हाला हसू येईल, पण विहिरीत उडी मारायला सांगितल्यासारखी माझी गत झाली होती. कानात तोच आवाज, थांबली की फुगली.

"सिंधू," आत्याबाई म्हणाल्या, "तुले लेकरू नाई झालं तं नाई. मले लेकरू नोको. मले तू पाह्यजे."

मी पहिला चमचा तोंडात घातला. गिळेपर्यंत सखूबाईनं श्वास रोखला होता बहुतेक, कारण नंतर तिनं भस्सकन सोडला आणि स्वतःची वाटी तोंडाला लावली. मी रडत रडत ती वाटी संपवली.

संपली मात्र, आणि माझे पाय आपोआप खाटेखाली उतरायला लागले. मी चोरून काही करत नव्हते, खरंच ते आपोआपच होत होतं. आत्याबाई खाटेवर चढून बसल्या आणि त्यांनी माझे दोन्ही पाय मांडीवर घेऊन घट्ट धरले. गावभरचे लोक ज्या पायांना हात लावून गेले होते, ते पाय पहिल्यांदा कुणीतरी धरून ठेवले. मी ओढत होते, त्या सोडत नव्हत्या. त्यांची वाटी पालथीच राहिली. शेवटी सखूबाईनं आपल्या खाटेवरून हात लांबवून वाटी सुलटी केली, पातेल्यातली पेज तिच्यात वाढली आणि म्हणाली, "घ्या आजी, तुमी बी खा. मी पाहतो हिच्याकडं. उतरली तं प्लास्टरनं हानतो." आत्याबाईंनी एका हातानं माझे पाय धरले आणि दुसऱ्या हातानं सखूबाईनं वाढलेली पेज खाल्ली.

दार

उद्यापन झालं म्हणजे मी बरी झाले, असं समजू नका. दुसऱ्या दिवशीची वाटी पहिलीइतकीच जड होती. तिसऱ्या दिवशीचीही. बांगड्या मनगटाशी यायला लागल्या तेव्हा मी रडून गोंधळ घातला.

घरी आल्यावर आत्याबाईंनी एक काम स्वतःकडं घेतलं. पहाटे देवळाची घंटा व्हायच्या आधी त्या उठायच्या आणि बाहेरच्या दारात, उंबऱ्यावर बसायच्या. हिवाळ्यात घोंगडी घेऊन, गुडघे दुखत असताना. मी बाहेर जायला आले की म्हणायच्या, "चा ठेव." त्यावरून आमची भांडणंही झाली. मी त्यांना नको नको ते बोलले. त्या हलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांच्या भाच्याचं लग्न सुलतानपूरला होतं. त्यांना जावंच लागलं. मास्तर गाढ झोपलेले. पहाटे मला जाग आली, घंटा वाजली आणि मी दारापाशी आले. उंबरा रिकामा होता.

पायात चप्पल घातली. चार गल्ल्यांवर देऊळ. एकच फेरी, नुसतं दर्शन, असं मन म्हणत होतं. कडी काढली. गार वारा आला आणि पाय असे शिवशिवले, की मला अजून आठवतं. कुणी अडवणारं नव्हतं. मी गेले असते तर कुणाला कळलंही नसतं. मला घाम फुटला होता आणि मी चौकटीला धरून उभी होते, किती वेळ कोण जाणे.

मग मी चप्पल काढली आणि आत्याबाई बसायच्या तिथं, उंबऱ्यावर बसले. फटफटेपर्यंत बसले. पाय थरथरत होते, ते मी माझ्याच हातांनी धरले. उजाडल्यावर चूल पेटवली, पिठलं केलं, भाकर थापली, आणि मास्तरांची वाट न पाहता जेवले.

आत्याबाई संध्याकाळच्या गाडीनं आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"गेली होती काय?"

"नाई."

"जेवली?"

"हाव. भाकर आन पिठलं."

त्यांनी पिशवी ठेवली, आणि भिंतीला पाठ टेकून हळूच म्हणाल्या, "मंग उद्या मले उठवू नोको. मले लय झोप येऊन राह्यली."